पाणी कुठवर आलं होतं

लालासाहेब शेलारांनी ती कमेंट टाकली मंगळवारी, पण मगदुमांच्या घरात ती फुटली रविवारी, भरल्या ताटावर.

गुणमाला खपली गव्हाच्या खिरीचं पातेलं घेऊन सोप्यात आली, तेव्हा सगळ्यांचे हात थांबले होते. एरवी महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवायची, तेव्हा बोलण्याच्या गलक्यात वाढपाचं भान राहायचं नाही. आज तिचे धाकटे दीर गोमटेश भिंतीकडं बघत बसले होते. अतिशय नावाचा त्यांचा मुलगा पुण्याहून सकाळीच आला होता. त्याच्या डाव्या हातात फोन होता आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वाच की मोठ्यानं," धन्यकुमार म्हणाले. गुणमालाच्या नवऱ्याचा आवाज सहसा चढत नसे. आता तर तो नेहमीपेक्षाही खाली होता, आणि तेच वाईट होतं.

अतिशयनं वाचलं. "मेढ्याहून दीडशे किलोमीटर येऊन जागा पाहिली. व्हिडिओतलं कारंजं नाही, बागही नाही. पूर येतो का विचारलं, तर नाही म्हणाले. बांधावर गवत कापणाऱ्या बाईंनी खरं काय ते सांगितलं. लोकांनी सावध राहावं. निवृत्त सुभेदार लालासाहेब शेलार."

"किती लोकांनी बघितलं?"

"मोठे पप्पा, ते... बऱ्याच."

गुणमालानं पातेलं खाली ठेवलं. तिला हे मंगळवारच्याही आधीपासून ठाऊक होतं. बांधावर गवत कापणारी बाई म्हणजे हरणाबाई, आणि हरणाबाईच्या पोटात गोष्ट कधी राहिली होती? पाहुणे जागा बघून गेले त्याच दिवशी दूध घालायला आली तेव्हा तिनं दारातच सांगून टाकलं होतं, "आक्का, तुमचे भावजी पावण्याला काय बाय सांगालते. मी म्हटलं, आवं इतं तर माझी म्हस गळ्याएवढ्या पाण्यात हुती." गुणमालानं ते ऐकून घेतलं आणि आठवडाभर कुणाला बोलली नाही. दोघा भावांत नवं काही निघायला नको, एवढाच तिचा विचार. त्या गप्प बसण्याची आता तिला लाज वाटत होती.

डिग्रजच्या रस्त्याला लागून असलेली ती जमीन मगदुमांची तीन पिढ्यांची. तिच्या सासऱ्यांनी नदीवरून पाणी आणून तिथं ऊस उभा केला, आणि पाण्याच्या हौसेपायी इतकं पाणी पाजलं की शेवटी जमीन फुटली. मीठ वर आलं. काळं रान पांढरं फटक पडलं आणि उसाच्या जागी लव्हाळा उगवू लागला. दहा वर्षं दोघा भावांनी चर काढले, जिप्सम टाकलं, एकमेकांना दोष दिला. शेवटी आयुष्यात एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. प्लॉट पाडायचे.

चौदा प्लॉट पडले. रस्ते झाले, गटारं झाली, विजेचे खांब उभे राहिले. नाक्यावर दोघा भावांच्या हात जोडलेल्या फोटोंचा मोठा फ्लेक्स लागला. एका उन्हाळ्यात त्या फोटोंचे चेहरे पार उडाले, पण प्लॉट बघायला कुणी आलं नाही. तेव्हा अतिशय म्हणाला होता, "पप्पा, गिऱ्हाईक आता नाक्यावर नाही. ते फोनमध्ये आहे."

आणि त्यानं फोनमधलं गिऱ्हाईक आणलंही. ड्रोन उडवून व्हिडिओ केला. ढगातून खाली येणारा, इंग्रजी गाण्याचा. मध्ये कुठल्या तरी दुसऱ्याच गावचं कारंजं आणि हिरवळ. 'सांगली स्टेशन पाच मिनिटांवर' असं सोनेरी अक्षरांत. पाच मिनिटांत तिथं फक्त ड्रोनच पोचला असता. पैसे भरून ती जाहिरात साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. गोमटेशच्या फोनला उसंत राहिली नाही. निम्मे लोक नुसतं 'रेट?' विचारून गायब व्हायचे. जे यायला निघायचे, ते नकाशातल्या खुणेवर भरवसा ठेवून शेजारच्या पाटलाच्या उसात शिरायचे. तरी तेवढ्यातून दोघा गिऱ्हाइकांनी जागा धरून ठेवली होती. काल दोघांचेही फोन आले. ती कमेंट खरी काय, म्हणून.

"उडवून टाक ती," गोमटेश म्हणाले. "एका बटनाचं काम. आन् त्या सुभेदारालाबी बंद कर."

"उडवता येते, पप्पा, पण..."

"उडवू नका, काका."

हे बोलली प्रियदर्शनी, गुणमालाची सून. ती ताटं उचलायला वाकली होती, तशीच थांबली. तिचा नवरा बंगळुरात नोकरीला. ती इथं राहून तीन वर्षं खपल्याचा रवा आणि मेतकूट फोनवरून विकत होती. सुरुवातीला घरात त्याला 'सूनबाईचा खेळ' म्हणत. आता तिच्याकडं पाच बायका पाकिटं भरायला येत.

"माझ्या मेतकुटाला एका बाईनं लिहिलं होतं, खडा निघाला म्हणून," ती म्हणाली. "मी घाबरून उडवलं. तर तिनं त्या खड्याचा फोटो काढून दहा ठिकाणी टाकला. माझ्या बाजूनं बोलायला कुणी उरलं नाही. तेव्हा कळलं. चांगलं लिहिलेलं कुणी वाचत नाही, काका. लोक आधी वाईट वाचतात. मग त्याच्याखाली आपण काय उत्तर दिलंय ते वाचतात, आणि त्यावरनं ठरवतात."

"मग लिवू काय? व्हय, मी खोटं बोललो, आसं?"

"हो," प्रियदर्शनी म्हणाली.

धाकट्या घरची दीपाली, गोमटेशची बायको, इतका वेळ पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी होती. ती आता पुढं आली.

"तू म्हणतीस ते बराबर हाय गं. तुला म्हणायला काय जातंय? पाणी आलं हुतं ते खालच्या चार प्लॉटांत. अकरा, बारा, तेरा, चौदा. ते कुणाचे? आमचे. तुमचे वरचे कोरडे, आमचे बुडके. खरं सांगून तुमचं नाव ऱ्हातंय, आन् आमचं जातंय सगळं."

अखेर बोललं गेलं. गुणमालाला वाटलं, इतके दिवस घरात जे पायात येत होतं ते कुणीतरी उचलून मधोमध ठेवलं. थोरल्याचं वरचं, धाकट्याचं खालचं, ही मगदुमांच्या वाटणीची जुनी चाल. ऊस होता तेव्हा खालचं रानच भारी मानत. पाणी तिथं जास्त धरायचं. सासऱ्यांनी ते धाकट्याला दिलं तेव्हा गोमटेश गावभर पेढे वाटत फिरले होते. आता त्याच पाण्यानं वाटणी उलटी केली होती. यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं, पण दीपाली म्हणत होती त्यातही खोटं काही नव्हतं.

धन्यकुमारांनी ताटाला हात जोडले आणि उठले. "सांगलीच्या यार्डात चाळीस वर्षं मी हळद घातली. पोत्यात वर एक आन् खाली एक आसं कवा केलं न्हाई. काय करायचं ते करा. पण माझं नाव त्या जाहिरातीतनं काढा."

"दादा, तुमी नेहमी आसंच करता," गोमटेश एकदम उसळले. "वंगाळ दिसलं की अंग काढून घ्यायचं. जमीन फुटली तवाबी तुमी यार्डात हुता!"

आता हे गाडं कुठल्या उतारानं घरंगळत जाणार हे गुणमालाला पाठ होतं. चर कुणी बुजवला, मोटार कुणी चालू ठेवली, सासूच्या दुखण्यात कोण किती वेळा आलं. या उतारावरून घर दोनदा खाली गेलं होतं आणि दोन्ही वेळा वर यायला वर्ष लागलं होतं.

"वाटणी मोडा," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. तिनं स्वतःलाही नवल वाटावं इतक्या साध्या आवाजात पुढं सांगितलं.

"चौदा न्हाईत. प्लॉट धाच. एकाआड एक घ्या. एक आमचा, एक तुमचा. खालच्या चारांत कुणी घर बांधायचं न्हाई. तितं नारळ लावू. खारवट जमिनीला नारळ मानतोय. मोकळी हवा मिळंल धा घरांना."

"चार प्लॉट पाण्यात घातले तुमी, वयनी," गोमटेश म्हणाले.

"पाण्यातच हायत ते, भावजी. मी न्हाई घातले."

धन्यकुमार दारात थांबले होते. त्यांच्या वाट्यातलेही दोन प्लॉट या हिशेबात जात होते आणि ते त्यांना बायकोनं आधी विचारलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं होतं. गुणमाला त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांनी बायकोकडं बघितलं, मग धाकट्या भावाकडं.

"मोडली," ते म्हणाले. "आन् नाव ऱ्हाऊ दे जाहिरातीत."

दीपालीनं गुणमालाच्या हातातला पळा घेतला आणि थोरल्या दिराच्या रिकाम्या वाटीत खीर वाढली. "जेवण टाकून उठू नये," ती पुटपुटली. धन्यकुमार परत येऊन बसले.

*

चारच्या सुमाराला सगळे जमिनीवर गेले. नवा व्हिडिओ आजच करायचा, जैनांचं घर, संध्याकाळचं जेवण दिवस बुडायच्या आत आटपायला हवं, म्हणजे हातात दोन तास, असा प्रियदर्शनीचा हिशेब.

अतिशयनं ड्रोनची पेटी आणली होती. प्रियदर्शनीनं ती गाडीतच ठेवायला लावली. "लोकांना वरनं नाही बघायचं रे. त्यांना चालत बघायचंय. गेटापासून आत गेलं की काय लागतं, उजव्या हाताला कोण, गटार कुठं. आत्ती, तुम्ही चला. मी मागनं येते."

"मी?" गुणमाला म्हणाली. "आगं, दुसरी कुणी मिळंना व्हय? निदान साडी तरी बदलते."

"ह्याच साडीत. आणि फोनकडं बघू नका. मला सांगा. मी प्लॉट घ्यायला आलीय."

गुणमालाला आधी हसू आलं. पण सून खरंच पाहुणीसारखं तोंड करून म्हणाली, "काकू, पाणी कुठवर आलं होतं हो?" आणि तिचे पाय आपोआप खाली वळले.

ती चालत बोलत गेली. "ही आमची उसाची जमीन. लय पाणी पाजून आमीच खराब केली. हितं बोअर मारशीला तर पाणी मचूळ लागंल. झाडाला चालतंय, च्याला न्हाई. प्यायला नळाचं येतंय, सकाळी दोन तास. टेशन पाच मिंटांवर न्हाई, अर्धा तास धरा. शाळा जवळ हाय. दवाखाना गावात, रातचं काय झालं तर सांगलीच."

मागं गोमटेशनी कपाळावर हात मारल्याचा आवाज तिला ऐकू आला. ती थांबली नाही.

"एकोणीसच्या पुरात पाणी ह्या दहाव्या प्लॉटाच्या खाली थांबलं. मी रोज यून काठी रोवून जायची. दुसऱ्या दिवशी काठी बुडलेली दिसायची. तिसऱ्या दिवशी रोवली ती कोरडी ऱ्हायली, तवा मी हितंच बसून नवकार म्हटला." तिनं जागा दाखवली. "ह्याच्या खाली समदं पाणी. पलीकडं पाटलाच्या उसाचे नुसते शेंडे दिसत हुते. हितं आता घर न्हाई, नारळ लावणार. ह्या टोकाला..." ती विजेच्या जुन्या पोलापाशी आली आणि कमरेच्या वर हात ठेवला. "हितपतोर."

"न्हाई, वयनी."

गोमटेश होते. इतका वेळ ते लांब, मागं रेंगाळत होते. कधी मागोमाग आले ते कुणाला कळलं नव्हतं. ते फोनसमोरून आडवे चालत पोलापाशी आले.

"तुमी वरनं बघत हुता. मी होडीत हुतो. पाटलांची माणसं काढाय आलो तवा होडी ह्याच पोलाला बांधली हुती." त्यांनी हात डोक्याच्या वर उंच केला आणि पोलावर तळवा थापला. "हितं. हितं हुतं पाणी. दोर हितं बांधला हुता मी."

बोलून झालं आणि त्यांना भान आलं. ते फोनकडं बघत राहिले, हात तसाच वर. प्रियदर्शनीनं फोन हलवला नाही.

"मी त्या सुभेदारास्नी न्हाई म्हणून सांगितलं," गोमटेश फोनला म्हणाले. "ते खोटं हुतं."

मग हात खाली घेऊन ते बाजूला झाले आणि लेकाला म्हणाले, "रंग आण जा कुठनं तरी. तांबडा. खूण करून ठिवू."

अतिशयनं त्यातला एक शब्दही कापला नाही. गाणंही घातलं नाही. नकाशातली खूण पाटलाच्या उसातून काढून गेटावर ठोकली. साऱ्या महाराष्ट्राऐवजी फक्त सांगली-सातारा निवडलं, आणि सातबारा, बिनशेतीचा आदेश, प्लॉटांचा नकाशा असं सगळं फोटो काढून खाली जोडलं. शेलारांच्या कमेंटखाली उत्तर लिहिलं ते गोमटेशनी, स्वतः, एका बोटानं, पाऊण तास लावून. 'तुमी लिहिलं ते खरं आहे. व्हिडिओ बघा. चुकलो. गोमटेश मगदूम.'

जागा धरून ठेवलेल्या दोघांपैकी एकानं दुसऱ्या दिवशी नकार कळवला. गोमटेशनी तो ऐकून घेतला आणि दीपालीला म्हणाले, "गेला." बस्स, तेवढंच. पण फोन वाजायचे थांबले नाहीत. वाजण्याची जात बदलली. 'रेट?' विचारणारे कमी झाले. 'त्या मावशींना विचारा, नारळ कवा लावणार' म्हणणारे निघाले. इस्लामपूरच्या एका मास्तरांनी सहावा प्लॉट बघून लगेच पसंत केला. कुणीतरी खाली लिहिलं, 'बोअर मचूळ आहे हे सांगणारी जाहिरात आयुष्यात पहिल्यांदा बघितली.' ते प्रियदर्शनीनं सासूला चार वेळा वाचून दाखवलं, आणि चारही वेळा गुणमाला 'पुरे गं' म्हणत जवळ सरकून बसली.

शेलारांचं मात्र उत्तर नव्हतं. गोमटेश दिवसातून दहादा बघायचे.

*

बाराव्या दिवशी सकाळी गेटापाशी एक पांढरी गाडी थांबली. गुणमाला हरणाबाईबरोबर नारळाच्या खड्ड्यांची आखणी करत होती. ताठ पाठीचा, मिशा पिकलेला एक माणूस उतरला आणि कुणाशी न बोलता तडक खाली चालत आला. जुन्या पोलापाशी थांबून त्यानं तांबडी खूण बघितली. खिशातून टेप काढून जमिनीपासून खुणेपर्यंत मापलं. मग हरणाबाईकडं वळला.

"बाई, बराबर हाय का ही खूण?"

"चार बोटं कमीच आसंल," हरणाबाई म्हणाली. तिला कुणाचीच भीड नव्हती. "पण बराबर हाय."

गोमटेश रस्त्यावरून जवळजवळ पळतच आले. चप्पल एका पायात नीट बसली नव्हती. "सुभेदारसाहेब, त्या दिवशी मी..."

"व्हिडिओत ऐकलं," लालासाहेब शेलार म्हणाले. "परत कशाला सांगताय? एकदा सांगितलंसा, बास झालं." त्यांनी टेप गुंडाळला. "पोरगी हितं सांगलीत नोकरीला हाय. नातवंडं हितंच. मेढ्याच्या चढाला आता गुडघं ऐकत न्हाईत. दोन वर्सं जागा बघतोय. समदीकडं पाणी दुसऱ्याच्या दारात आलेलं आसतंय, ह्यांच्या दारात कवाच न्हाई. तुमी पयलेच."

गाडीतून त्यांची बायको उतरली होती. ठेंगणी, चापूनचोपून नेसलेली, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. ती नवऱ्याकडं न जाता गुणमालाकडं आली.

"व्हिडिओतल्या तुमीच न्हवं? मी मनुबाई." तिनं गुणमालाचा मातीनं भरलेला हात तसाच हातात घेतला. "ह्यास्नी पाण्याचं बघू दे. मला जागा दावा."

चौथा प्लॉट पूर्वेकडं उघडा होता. मनुबाई त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, चारी बाजूंना वळून बघितलं आणि तिथूनच ओरडली, "आवं, सैपाकाची खिडकी हिकडं घ्यायची. उगवतीला."

"इंजिनेरला विचारू की," लालासाहेब लांबून म्हणाले.

"इंजिनेर भाकऱ्या थापणार हाय व्हय?" ती गुणमालाकडं वळली. "अठ्ठावीस वर्सं फौजेच्या कॉटरात काढली, आक्का. झाशी, जोधपूर, सिलिगुडी. सरकारनं पाडली ती खिडकी. कुठं भिंत दिसायची, कुठं दुसऱ्याची मोरी. ह्यांचं गाव तर डोंगराच्या सावलीत. धा वाजंपतोर ऊन न्हाई घरात."

बोलता बोलता तिनं चार दगड उचलून चार कोपऱ्यांत ठेवले. पावलं मोजली. इथं सोपा, इथं देवघर, इथं सैपाकघर. एके ठिकाणी अडली, दोनदा मागं-पुढं झाली.

"तुमी जरा हितं हुबं ऱ्हाता? दार म्हणून. मला अंदाज ईना."

गुणमाला दाखवल्या जागी जाऊन उभी राहिली. याच मातीतला शेवटचा ऊस निघाला तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. प्लॉट पाडायला आलेल्या मोजणीच्या माणसांना तिनं पाणीही विचारलं नव्हतं. तिच्या मनात ही जमीन त्या दिवशीच संपली होती. पलीकडं दोघे भाऊ आणि सुभेदार नारळाच्या खड्ड्यापाशी उभे राहून खोलीवरून वाद घालत होते. धन्यकुमार कधी आले कुणास ठाऊक, पण गोमटेशच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते.

मनुबाई गेटाकडं जाऊन परत आली, पाहुण्यासारखी, पदर नीट करत. गुणमालाच्या पुढ्यात आली आणि थबकली. मग तिनं पायातल्या चपला काढल्या, त्या एकीशेजारी एक नीट ठेवल्या, आणि उघड्या रानात, अनवाणी पायांनी, दाराच्या बाजूनं आत आली.